चाळीस रुपयांचा एल्बो, नऊ हजारांची भिंत

न्हाणीघराच्या भिंतीला ओल दिसायला लागली तेव्हा आमच्या घराला चार वर्षंही झाली नव्हती. प्लंबरनं दोन-तीन टाइला बोटानं ठोकून पाहिल्या आणि निदान केलं, "मालक, पाईप चांगलाय, जोड सुटलाय." जोड म्हणजे एक एल्बो, पाईपला वळण देणारा तुकडा, दुकानात चाळीस रुपयांना मिळणारा. तो बदलायला टाइलांच्या दोन रांगा फोडल्या, भिंत कोरली, परत गिलावा केला. त्या छापाच्या टाइला एव्हाना बाजारातून गेल्या होत्या, म्हणून अख्खी भिंत नव्यानं मढवावी लागली. बिल नऊ हजारांच्या पुढं गेलं, आणि त्यात एल्बोचे चाळीस रुपये वेगळे दाखवले होते, तेवढीच गंमत.

बांधकामाच्या हिशोबात याला जीवनचक्र खर्च म्हणतात. दुकानदाराला मोजलेले पैसे हा त्यातला फक्त पहिला हप्ता. त्यात बसवण्याची मजुरी, देखभाल, लागणारी वीज, मधल्या दुरुस्त्या आणि शेवटी उखडून टाकण्याचा खर्च मिळवायचा. भंगारात जे येईल ते वजा करायचं. (पाडलेल्या वाड्याचं सागवान आजही चांगल्या भावानं जातं. प्लायवूड मात्र न्यायलाच आपण पैसे देतो.) १९६० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात हा विचार पद्धतशीर सुरू झाला, कारण कमी भावाची निविदा भरून आलेली यंत्रं पुढं सांभाळताना महाग पडत होती. इमारतींसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १५६८६ चा पाचवा भाग, २००८ मध्ये आलं आणि २०१७ मध्ये सुधारलं गेलं.

बेरीज-वजाबाकी कुणालाही जमेल. घोडं अडतं ते दोन ठिकाणी. उद्याचा रुपया आज केवढ्याचा धरायचा आणि वस्तू टिकणार किती वर्षं?

आधी रुपया. दहा वर्षांनी दहा हजार लागणार असतील तर आज त्याहून कमी रक्कम ठेवीत टाकली तरी भागतं, बाकीचं व्याज भरून काढतं. हेच व्याज उलटं चालवून पुढचा प्रत्येक खर्च आजच्या भावात आणतात. मात्र दर कोणता धरला, यावर सगळं फिरतं. तीस वर्षांनी येणारा १ लाखाचा खर्च १० टक्क्यांनी मागं आणला तर आज जेमतेम ५,७०० रुपयांचा दिसतो. ३ टक्क्यांनी आणला तर ४१,००० चा. ज्याला पुढची दुरुस्ती नजरेआड करायची आहे त्याला खोटं बोलावंच लागत नाही, दर चढा धरला की काम झालं. राहत्या घरासाठी महागाई वजा करून उरेल तोच दर धरावा, असं माझं मत आहे. ठेवीवर ७ टक्के मिळाले आणि महागाई ५ टक्के असली तर हातात खरे २ टक्केच उरतात. गवंड्याची हजेरी मनात धरली तर तेही उरतात की नाही, शंका आहे.

आता आयुष्य. दुकानदार वस्तूचं आयुष्य सांगतो ते वस्तू कुठं बसणार हे न विचारताच. सांगलीत नदीकडच्या घरांमध्ये वस्तूचं आयुष्य वस्तू ठरवत नाही, कृष्णा ठरवते. आणि कृष्णा फुगते ती महाबळेश्वर-कोयनेकडं पडलेल्या पावसानं, आपल्याकडं ऊन असलं तरी. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर १७ वर्षांच्या आत येऊन गेले. मग तळमजल्यावरच्या कपाटाची 'पंधरा वर्षं गॅरंटी' कुणाच्या भरवशावर?

ओट्याखालच्या कप्प्यांचं उदाहरण घेऊ. आकडे मानीव आहेत, आपापले घालून पाहावेत. प्लायवूडच्या ट्रॉल्या ७०,००० रुपयांना. कडप्पाचे कप्पे आणि ॲल्युमिनियमची दारं ९५,००० ना. आठव्या आणि सोळाव्या वर्षी पाणी घरात आलं असं धरा. साध्या प्लायवूडमधला डिंक यूरिया-फॉर्माल्डिहाइडचा असतो, बरेच दिवस पाण्यात राहिला की तो सुटतो आणि लाकडाचे थर फुगून एकमेकांपासून वेगळे होतात. फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचा डिंक असलेलं प्लायवूड पुष्कळ टिकतं, पण त्यावरच्या पट्ट्या, बिजागऱ्या आणि आत साचलेला चिखल राहतोच. म्हणजे प्लायवूडचं प्रत्येक पुरानंतर ५०,००० चं काम नव्यानं करावं लागेल. कडप्पाला पाण्याचा फवारा आणि नव्या मुठी, ५,००० मध्ये भागेल. ३ टक्के दरानं सगळं आजच्या भावात आणलं तर प्लायवूड १,४०,६०० ला पडतं, कडप्पा १,०२,००० ला. बिलावर २५,००० नं महाग असलेली वस्तू ३८,६०० नं स्वस्त निघाली. हेच गणित पूर न चढणाऱ्या भागातल्या घरासाठी मांडा, निकाल उलटा लागतो आणि प्लायवूड जिंकतं. म्हणून 'सगळ्यात चांगलं मटेरियल कोणतं' या प्रश्नाला मी उत्तर देत नाही, आधी पत्ता विचारतो.

पण पुराचं दुखणं निदान दिसतं तरी. स्लॅबचं दिसत नाही.

काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२ च्या वर. त्या वातावरणात सळईवर एक सूक्ष्म थर तयार होतो आणि लोखंड गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड बारीक छिद्रांतून आत शिरत राहतो, काँक्रीटमधल्या चुन्याशी त्याचा संयोग होतो आणि पीएच ९ च्या आसपास उतरतो. हा बदल सळईपर्यंत पोचला की तिचं कवच गेलं. पुढं ओलावा मिळाला की गंज चढतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि खालचं काँक्रीट पोपडे होऊन पडायला लागतं. सळईखाली काँक्रीटचा जो थर राखतात त्याला साइटवर कव्हर म्हणतात. कार्बन डायऑक्साइड किती खोल गेला ते काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. तो १५ मिलिमीटर जायला २० वर्षं लागत असतील तर ३० मिलिमीटरला ४० नाहीत, ८० वर्षं लागतील. कव्हर दुप्पट, आयुष्य चौपट. आणि हे कव्हर राखायला लागतं काय, तर दोन-चार रुपयांचा सिमेंटचा ठोकळा. आयएस ४५६ या भारतीय मानकात सौम्य हवामानासाठी २० आणि मध्यम हवामानासाठी ३० मिलिमीटर कव्हर सांगितलंय. प्रत्यक्षात स्लॅबच्या दिवशी ठोकळ्याच्या जागी खडीचा तुकडा सरकवतात, त्यावरून पाट्या घेऊन माणसं चालतात, सळई खाली दबते.

पाणी मारण्याचंही तसंच. त्याच मानकात साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस काँक्रीट ओलं ठेवायला सांगितलंय, कोरड्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. हल्ली बहुतेक गोणी राखमिश्रित सिमेंटच्याच असतात. स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवणं हा सगळ्या बांधकामातला सर्वांत स्वस्त खर्च असेल. तोच आधी वाचवला जातो.

डी सिटर या डच अभियंत्यानं १९८४ मध्ये याचा एक ठोकताळा मांडला. बांधताना नीट खर्चायचा १ रुपया वाचवला तर गंज सुरू होण्याआधीच्या देखभालीत ५, गंज सुरू झाल्यावर २५ आणि पार वाया गेल्यावर १२५ रुपये जातात. आकडे तंतोतंत धरू नयेत, पण चढण किती उभी आहे ते कळतं. आता हा १ रुपया वाचवतो कोण? रेरा या घरखरेदीदारांसाठीच्या कायद्यात बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून ५ वर्षं बिल्डरवर असते. निष्काळजी स्लॅबचं दुखणं बाहेर पडायला बहुधा त्याहून जास्त काळ जातो. ज्यानं ठोकळे वाचवले तो तोवर चार इमारती पुढं गेलेला असतो.

जुन्या कौलारू घरांना या बाबतीत एक शहाणपण होतं, असं मला शाकारणी आठवली की वाटतं. मृगाच्या आधी माणूस वर चढायचा, फुटकी कौलं काढायचा, सरकलेली नीट बसवायचा. एक कौल फुटलं तर एकच बदलायचं. आढं, वासे, रिपा सगळं डोळ्यांसमोर, वाळवी लागली तर त्याच मोसमात कळायची. अर्थात ती दरवर्षीची मजुरी आणि वाढत गेलेली माणसाची टंचाई हिशोबात धरली तर स्लॅब का जिंकला तेही कळतं. वाड्यांचे गोडवे गाण्यात मला रस नाही. मला त्यातली एकच गोष्ट उचलावीशी वाटते, ती म्हणजे भाग बदलताना आजूबाजूचं मोडावं लागत नसे.

कारण जीवनचक्र खर्चात वस्तूच्या किमतीपेक्षा तिच्यापर्यंत पोचण्याची किंमत मोठी ठरते. नळाची तोटी, बल्ब, दाराची मूठ, पंखा हाताला येणारे. त्यात स्वस्त घेतलं आणि फसलं तर संध्याकाळी बदलता येतं. (पंख्यात तर विजेचाच हिशोब बघा. ७५ वॅटऐवजी ३० वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा पंखा, रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १६२ युनिट वाचले. जादा दिलेले पैसे साधारण वर्ष-सव्वा वर्षात वसूल.) भिंतीतला पाईप, स्लॅबमधली सळई, गच्चीच्या फरशीखालचं वॉटरप्रूफिंग यांचं तसं नाही. आपण मात्र नेमकं उलटं करतो. तोटी पाहुण्यांना दिसते म्हणून तीन हजारांची, आणि तिच्यामागचा जोड दिसत नाही म्हणून चाळीसचा.

यंदा वरच्या मजल्याचं न्हाणीघर काढलं. पाईप भिंतीबाहेरून, डक्टमधून नेले आणि डक्टला स्क्रूचं झाकण ठेवलं. जे दोन पाईप भिंतीत घालणं भाग होतं त्यांचे टाइला लावण्याआधी शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढले. टाइलांचा एक खोका जास्तीचा घेऊन जिन्याखाली ठेवलाय. हिशोबाच्या वहीत त्याची रक्कम 'बांधकाम' या सदरात न लिहिता 'दुरुस्ती, आगाऊ' असं नवं सदर उघडून तिथं लिहिली.