ओसरीवरचा मिठू पाळीव की वन्य?

"पोपट हा कुत्र्या-कोंबडीसारखा पाळीवच, पिलापासून घरात वाढवला तर कायदा लागत नाही." जळगाव-धुळ्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकायला मिळतं. कानावर तेच पडत आलं, ओसरीवर पिंजरा टांगलेला, त्यात अर्धी चावलेली हिरवी मिरची. मग संशय यावा तरी कशावरून?

पण ज्वारीच्या कणसावर थवे उतरतात तो हाच पक्षी, लाल चोचीचा. नराच्या गळ्याला काळी-गुलाबी कंठी. तो जंगलातला जीव, आणि पिंजऱ्यात वाढला म्हणून कायद्याच्या लेखी पाळीव होत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यातली 'शिकार'ची व्याख्या वाचण्यासारखी आहे: नुसतं मारणंच नव्हे, पकडणं आणि पक्ष्याचं घरटं विस्कटणंही तिच्यात येतं. म्हणजे ढोलीतून पिल्लू काढलं तिथेच मामला सुरू होतो.

पडताळायचं असेल तर 2022 च्या दुरुस्तीसह कायद्याची प्रत सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळते. दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, या पोपटाचं 'सिट्टाकुला क्रामेरी' (Psittacula krameri) हे शास्त्रीय नाव शोधा. आपण ज्याला लव्हबर्ड म्हणतो तो बहुधा ऑस्ट्रेलियाचा बजरीगर असतो, त्याची गोष्ट वेगळी.

घरात मिठू असेल तर घाबरून पिंजरा उघडू नका. पंख कापलेला, हातानं भरवलेला पक्षी बाहेर मांजरीच्या नाहीतर कावळ्यांच्या तावडीत सापडतो. जवळच्या वनखात्याच्या कार्यालयात विचारा, पक्षी कुठे द्यायचा ते सांगतील.