तांत्रिक देखावा (कोल्हापूर)

गणेशोत्सवात मंडळांनी उभारलेला, हलत्या मूर्ती, ध्वनिमुद्रित निवेदन आणि बदलता प्रकाश एका वेळेत बांधणारा देखावा. माणसे भूमिका करतात तो सजीव देखावा. इथे ते काम मूर्ती आणि मोटारी करतात. कोल्हापुरात तांत्रिक देखाव्यांसाठी राजारामपुरीचे नाव आधी घेतले जाते. कलासमीक्षेत ज्याला मांडणशिल्प म्हणतात, त्याचेच हे गल्लीतले रूप आहे. बघणारा चित्रासमोर नसतो, चित्राच्या आत उभा असतो.

देखाव्याचा कणा म्हणजे ध्वनिमुद्रण. संवाद, निवेदन आणि पार्श्वसंगीत आधी मुद्रित होते आणि मग सेकंद मोजून हालचाली व दिवे त्याला जुळवले जातात. मूर्तीच्या आत लोखंडी सांगाडा असतो. मोटारीचा वेग गिअरपेटीने कमी करतात. चाकावर मध्यापासून बाजूला बसवलेल्या खिळ्याला दांडा जोडला की चाकाचे फिरणे दांड्याच्या मागे-पुढे होण्यात बदलते आणि मूर्तीचा हात उठतो, मान वळते. खिळा मध्यापासून जितका लांब, तितका हात वर जातो. शिवाजी उद्यमनगरातली लेथ आणि वेल्डिंगची दुकाने राजारामपुरीपासून फार लांब नाहीत, हे या कलेचे मोठे भाग्य म्हणावे लागेल.

प्रकाशाचे काम याहून नाजूक. बाजूने टाकलेला झोत वस्त्राच्या चुण्या उठावदार करतो, खालून टाकलेला चेहरा उग्र करतो. पण खरी कमाई अंधाराची. दिवे गेले की पुढच्या प्रसंगाची मूर्ती सरकवता येते, आणि त्या काळोखात फक्त आवाज ऐकत उभी राहिलेली गर्दी आपोआप शांत होते.

या शहराला दृश्य रचण्याची जुनी सवय आहे. बाबूराव पेंटर (1890–1954) नाटकांचे पडदे रंगवत चित्रपटाकडे वळले आणि सपाट पडद्याऐवजी घनाकार नेपथ्य त्यांनी चित्रपटात आणले. युरोपात 1958 साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात वास्तुकार ल कोर्बुझिए आणि झेनाकिस यांनी फिलिप्स कंपनीसाठी मंडप उभारला. त्यात संगीतकार वारेझचे ध्वनिफितीवरचे संगीत शेकडो ध्वनिवर्धकांतून, रंगीत प्रकाश आणि प्रक्षेपित चित्रांसह ऐकवले जाई. मंडपात शिरून पाहण्याची ही रीत कोल्हापूरकराला नवखी वाटली नसती.

राज्यात 2018 मध्ये थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा सजावटीसाठी कापड, पुठ्ठा आणि बांबू यांकडे वळावे लागले. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 नंतर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. ठरावीक दिवशी राज्य सरकार 12 पर्यंत सवलत देऊ शकते. आवाज थांबला की तांत्रिक देखावा अर्धाच उरतो.

विसर्जनानंतर मोटारी आणि सांगाडे पुन्हा वापरता येतात, मूर्तींचे फोटोही निघतात. ध्वनिमुद्रणे मात्र मुद्दाम जपायला हवीत. कोणता हात कधी उठायचा आणि कोणता दिवा कधी विझायचा, ते त्यांच्यावरूनच कळते.