वायरलेस लोडसेल (क्रेनवरचा)

वायरलेस लोडसेल म्हणजे क्रेनचा हुक आणि उचलायचा माल यांच्या मधे अडकवलेला काटा, त्याचा आकडा वायरशिवाय रेडिओने हातातल्या डिस्प्लेवर येतो. बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा इकडच्या फाउंड्री (ओतकाम कारखाने) आणि मशीन शॉपमधे कोणी ह्याला काटा म्हणतं कोणी लोडसेल, पण काटा म्हटलं की माणूस फक्त वजन बघतो आणि हे यंत्र खरं तर क्रेनवर किती ताण आलाय ते सांगायला असतं.

आत स्टीलचा तुकडा असतो, त्याला स्ट्रेन गेज चिकटवलेले. स्टील ताणलं की गेजचा रेझिस्टन्स केसभर बदलतो, त्यावरून वजन काढतात. गेजचा शोध 1938 चा, अमेरिकेतला. काही प्रकारांत हा सेन्सर शॅकलच्या (हुकाला माल जोडायची U आकाराची कडी) पिनमधेच असतो, म्हणून ती पिन हरवली की टूलरूममधून दुसरी आणून घालायची नाही, आकडा चुकेलच आणि पिन तेवढी मजबूत असेल ह्याचीही गॅरंटी नाही.

वायरलेसचा खरा फायदा म्हणजे आकडा वाचायला मालाजवळ जावं लागत नाही, आणि नेमका हाच फायदा लोक वाया घालवतात, डिस्प्ले हातात घेऊन लटकत्या कास्टिंगखाली (ओतीव मालाखाली) वाकून बघत बसतात. चार-पाच मीटर लांब, माल पडला किंवा झुलला तर जिथे येणार नाही अशा जागी उभं राहायचं, पण भट्टी किंवा लोखंडी खांबाच्या आड नाही, कारण बरेच सेल (म्हणजे लोडसेल) 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात (वायफाय पण तिथेच) आणि लोखंड सिग्नल अडवतं. सिग्नल गेला की चांगला डिस्प्ले एरर दाखवतो किंवा कोरा होतो, स्वस्तातला एखादा शेवटचा आकडा तसाच धरून ठेवतो. हे सगळ्यात वाईट. मॉडेल कसं वागतं ते वापरायच्या आधीच लोडसेलची बॅटरी काढून बघावं, आणि आकडा हलेना झाला की लिफ्ट थांबवावी. एका शेडमधे दोन सेल असतील तर ह्याचा डिस्प्ले त्याचा आकडा दाखवतोय असं होऊ शकतं, सेलचा आणि डिस्प्लेचा नंबर जुळतोय का ते रोज बघायचं, त्याला दोन मिनिटं पण लागत नाहीत.

आता स्लिंगचं (माल हुकाला बांधायचा दोर किंवा साखळी) बघा, कारण हुकावरचा सेल स्लिंगच्या पायात किती ताण आलाय ते सांगतच नाही. 2 टनाचा जॉब दोन पायांच्या स्लिंगने उचलला आणि पाय आडव्याशी 60 अंशात असले तर एकेका पायावर साधारण 1.15 टन येतं, तेच 30 अंशात असले तर एकेकावर पूर्ण 2 टन! डिस्प्लेवर मात्र दोन्ही वेळा 2 च. टेअरचं (आधीच लटकलेल्या सामानाचं वजन वगळून आकडा शून्यावर आणणं) पण तसंच, 300 किलोचा स्प्रेडर (स्लिंगचे पाय लांब ठेवणारा आडवा दांडा) टेअर करून शून्य केला आणि जॉब 4.8 टन दाखवला तर 5 टनाच्या क्रेनवर 5.1 टन लटकलंय.

झटका हा वेगळाच विषय. चिकोडी, निपाणी भागातल्या साखर कारखान्यांच्या यार्डात उसाची मोळी ट्रॉलीतून उचलताना साखळी एकदम ताणली जाते, तेव्हा क्षणभर वजनापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो आणि डिस्प्ले सेकंदाला थोडेच आकडे घेत असल्यामुळे तो निसटतो. म्हणून आधी साखळी ताठ करायची, माल वीतभर उचलून थांबायचं, आकडा स्थिर झाला की मग पुढे. फाउंड्रीत मोल्ड बॉक्स (साच्याची पेटी) खाली अडकला असेल तर तेव्हाच कळतं, आकडा चढत जातो आणि माल जागचा हलत नाही.

फाउंड्रीत उष्णतेचा त्रास फार. लॅडलमधलं (वितळलेला धातू न्यायचं भांडं) लोखंड 1400 अंशाच्या आसपास आणि साधा सेल साधारण 40 अंशापर्यंतच बरोबर मोजणारा, तेव्हा मधे हीट शील्ड पाहिजेच. लटकत्या जॉबवर वेल्डिंग करायचं असेल तर सेल आधी काढून ठेवायचा, करंट त्यातून गेला तर गेज खलास.

अजून एक खास इकडचं. ऑपरेटर कन्नड, रिगर (माल बांधणारा) मराठी, हेल्पर बिहारचा, मग मराठीत "खाली" म्हणजे उतरव आणि हिंदीत रिकामा, कन्नडमधे उतरवायला "केळगे". डिस्प्ले धरणाऱ्याने आकडा ओरडून सांगण्यापेक्षा हाताचे ठरलेले इशारे वापरावेत, आणि थांबायचा इशारा कोणीही दिला तरी क्रेन थांबलीच पाहिजे.

क्रेन आणि टॅकल (साखळ्या, स्लिंग, हुक वगैरे) वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासायची हा नियम 2025 पर्यंत 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 29 मधे होता, सेल हुकाच्या साखळीतलाच एक भाग असल्यामुळे त्याला पण त्याच तपासणीत धरावं, कॅलिब्रेशन (आकडा बरोबर येतो का ते पडताळणं) वेगळं. ह्याच सेलवर भंगार तोलून विकायचं म्हटलं तर वजनमापे खात्याचा शिक्का लागतो, कॅलिब्रेशनचा कागद दाखवून तिथे चालत नाही.