पार्श्वभूमी : तीस हजार रोख, सत्तर हजार ठेव

एकट्या पडलेल्या बायकांना पाच-पंचवीस हजारांची मदत करणाऱ्या मराठवाड्यातल्या छोट्या निधींचं मूळ अनेकजण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात शोधतात. ते अर्धंच खरं आहे. भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे महिला मंडळं आणि बचत गट उभे राहिले, पण मदतीचा मुख्य ओघ घरबांधणीकडे होता. निराधारांसाठीची सरकारी योजना तर १९८० पासूनची. या निधींना आजचं रूप आलं ते शेतकरी आत्महत्यांच्या काळात, आणि त्यामागे जानेवारी २००६ चा एक शासन निर्णय आहे.

त्या निर्णयाने आत्महत्याग्रस्त कुटुंबाला १ लाख रुपये ठरले : ३०,००० रोख, उरलेले ७०,००० बँकेत किंवा पोस्टात ठेव. वाद इथेच पेटला. सगळी रक्कम हातात दिली तर दीर, सासरा, सावकार खाऊन टाकतील, असं ठेवीच्या बाजूचे म्हणत. भीती खोटी नव्हती. पण हिशेब मांडून पाहा. आठ टक्के व्याज धरलं तरी ७०,००० वर महिन्याला ४६७ रुपये पडतात. रोख तीस हजारांतून दवाखान्याची उधारी, दहावा-तेरावा आणि गावातली उसनवारी भागते. नवरा उन्हाळ्यात गेला असेल तर जूनमध्ये सोयाबीनची ३० किलोची पिशवी आणि खत उधारीवरच येतं. बाईला पैसा सगळ्यात जास्त लागतो त्याच महिन्यांत तो कुलपात ठेवला, हा त्या निर्णयाचा खरा दोष. बाईला व्यवहार कळत नाही हे त्यात गृहीतच होतं.

आणि एवढं तरी सगळ्यांना कुठे मिळालं? मदतीला पात्र ठरायला कर्ज बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. पाहुण्यांकडून किंवा विनापरवाना सावकाराकडून घेतलेलं चालत नाही. तहसीलचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातो आणि फाइलवर ‘अपात्र’ शेरा पडतो. छोट्या निधींनी पहिल्यांदा हात दिला तो या अपात्र घरांतल्या बायकांना.

२०१२ नंतरच्या दुष्काळात अशी मदत वाढली, तशा चुकाही. धनादेश वाटले, पण खातं नवऱ्यासोबतचं किंवा कर्जाला जोडलेलं निघालं की बँक रक्कम वळती करून घेई. म्हणून आधी बाईचं एकटीचं वेगळं खातं उघडायचं, रक्कम मग. त्याच्याही आधी कागद : मृत्यूची नोंद २१ दिवसांत, वारसाची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांत. सातबारावर नाव नसेल तर पीककर्ज नाही, आणि दिराशी भांडायला आधारही नाही.

वस्तू द्यायची तर बहुतेकांना शेळीच सुचते. उस्मानाबादी जात काटक, जुळी करडं देणारी. पण गाभणकाळ पाच महिन्यांचा, करडू विकण्याजोगं व्हायला आणखी आठ-दहा. गाभण नसलेली शेळी दिली तर पहिला पैसा सव्वा वर्षाने दिसतो, तोवर घरखर्चासाठी तीच विकली जाते. पावसाळ्याआधी आंत्रविषार या जीवघेण्या आजाराची लस चुकली तर शेळी दगावायला तेवढाही वेळ लागत नाही. गाभण शेळी आणि चार महिन्यांच्या किराण्यापुरती रोकड एकत्र दिली तरच ते जमतं. शिलाई यंत्राचं दुखणं निराळं : एकाच गावात पाच वाटली की पिको-फॉलचं काम पाचजणींत वाटलं जातं.

कोविडनंतर, २०२१ पासून, ‘एकल महिला’ हा शब्द सरकारी कागदांतही रुळला. मृताच्या वारसाला ५०,००० मिळाले, पण ते सुनेचे की सासूचे, यावरून घरं फुटली.

दरम्यान निराधार अनुदान दरमहा १,५०० झालं, पण उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० हीच राहिली. तीनशे रुपये रोजाने सत्तर दिवस खुरपलं की ती भरते, म्हणजे दाखला खरा काढला तर वर्षात सत्तर दिवसांहून जास्त काम करता येत नाही. २०२४ मध्ये लाडक्या बहिणींना तेवढीच रक्कम सुरू झाली, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. निराधारचे १,५०० घेणारीला मात्र ही रक्कम नाही. विधवा आणि नवऱ्याचा संसार सांभाळणारी तिची शेजारीण आता एकाच आकड्यावर आहेत. निधींच्या यादीत आता परित्यक्ता, म्हणजे नवऱ्याने टाकलेल्या बायका, वाढल्या आहेत. नवरा जिवंत, घटस्फोटाचा कागद नाही, रेशनकार्ड सासरी. अशा बाईला दिलेल्या पहिल्या हप्त्यातून बऱ्याचदा आधी वेगळं रेशनकार्डच काढावं लागतं.