सुसूत्रीकरण (मुंबईच्या कापड गिरण्यांतील)

सुसूत्रीकरण : तेवढ्याच किंवा कमी मजुरांकडून अधिक उत्पादन काढण्यासाठी उद्योगातील यंत्रे, कच्चा माल, कामाची वाटणी आणि देखरेख यांची केलेली फेरमांडणी. मराठी लेखनात ‘सुसूत्रीकरण’ हा पर्याय दिसतो. गिरणगावात मात्र ‘रॅशनलायझेशन’ आणि त्याहीआधी ‘एफिशियन्सी’ हे शब्द तसेच रुळले. स्वयंचलन, म्हणजे माणसाचा हात जिथे लागतो ते काम यंत्राने आपोआप करणे, हा सुसूत्रीकरणाचा एक प्रकार. दोन्ही एक नव्हेत आणि मुंबईच्या कामगार चळवळीचा इतिहास समजून घेताना हा भेद ध्यानात ठेवणे अत्यंत आवश्यक आहे.

संज्ञा व उगम : ही संज्ञा पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीतून पसरली. युद्धाने खिळखिळा झालेला उद्योग उभा करण्यासाठी तिथे १९२१ मध्ये एक राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. मे १९२७ मध्ये जिनीव्हा येथे भरलेल्या जागतिक आर्थिक परिषदेने श्रम व माल यांची नासाडी कमीत कमी करणाऱ्या तंत्राच्या व संघटनेच्या पद्धती अशी तिची व्याख्या केली. कामगारांच्या न्याय्य हिताला धक्का लागू नये, अशी पुस्तीही परिषदेने जोडली होती. घड्याळ लावून कामाचे तुकडे मोजण्याची, अभियंता टेलर यांची अमेरिकन पद्धत याहून जुनी असून काही लेखक तिलाच मूळ मानतात.

मुंबईत ही पद्धत नेमकी केव्हा आली, याबाबत एकमत नाही. गिरणीमालकांच्या बाजूने पाहिले, तर तिचा प्रारंभ फ्रँक नॉइस यांच्या अध्यक्षतेखालील जकात मंडळाच्या (टॅरिफ बोर्ड) १९२७ च्या अहवालापासून धरावा लागतो. जपानी कापडापुढे मुंबईचा माल टिकत नव्हता. केवळ मजुरी कापण्याऐवजी दर मजुरामागे जास्त चात्या (सूत कातणाऱ्या फिरत्या दांड्या) व जास्त साचे (यंत्रावर चालणारे माग) द्यावेत, असा या मंडळाचा रोख होता. दुसऱ्या मताप्रमाणे ससून गटाच्या गिरण्यांत १९२६–२७ च्या सुमारासच, म्हणजे अहवाल बाहेर येण्याच्या आगेमागे, हे प्रयोग सुरू झाले होते. अहवालाने त्यांना फक्त प्रतिष्ठा दिली. तिसरे मत इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांच्या संशोधनातून पुढे येते. त्यानुसार मुंबईत जे झाले ते बहुतांशी कामाचा बोजा वाढवणे होते. नवी यंत्रे आणून केलेली पुनर्रचना तुरळक होती. प्रत्येक गिरणी आपापल्या सोयीने चाले आणि मालकांमध्येच या धोरणावर एकवाक्यता नव्हती. उपलब्ध पुराव्याशी हे तिसरे मत अधिक जुळते. जुनाच साचा, जुनेच सूत, तोच माणूस आणि बदलला तो आकडा, असे चित्र त्या काळच्या तक्रारींतून पुन्हापुन्हा दिसते.

साचा आणि साचेवाला : हा आकडा म्हणजे काय, हे खात्यात उभे राहिल्याशिवाय उमगत नाही. मुंबईत विणकराकडे सर्वसाधारणपणे दोन साचे असत. साधा लँकेशायर पद्धतीचा साचा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा धोटा (आडवे सूत इकडून तिकडे नेणारा भाग) फेकतो. धोट्यातली कांडी (सुताची गुंडाळी) काही मिनिटांत संपते. मग साचा थांबवायचा, धोटा बाहेर काढायचा, नवी कांडी बसवायची, सुताचे टोक धोट्याच्या भोकाशी धरून तोंडाने आत ओढून घ्यायचे आणि साचा पुन्हा सुरू करायचा. एका साच्यावर हे चालू असताना दुसऱ्यावर ताण्याचा (उभ्या सुताचा) धागा तुटला आणि लक्ष गेले नाही, तर कापडात दोष उतरतो. खराब झालेले कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती करण्याची प्रथा अनेक गिरण्यांत होती. दोन साच्यांमध्ये उभ्या असलेल्या माणसाला तिसरा साचा दिला की त्याची पाठ कुठल्या तरी साच्याकडे राहते.

यात कापसाचा प्रश्न फार मोठा आहे. आखूड धाग्याच्या स्वस्त कापसाचे सूत वारंवार तुटते. तुटलेला प्रत्येक धागा बोटांनी सांधावा लागतो. तीन साचे चालवणे शक्य की अशक्य, हे म्हणून विणकराच्या चपळाईपेक्षा कापसाची मिसळण, सुताची खळ आणि खात्यातील दमटपणा यांवर जास्त ठरते. आणि या तिन्ही गोष्टी मालकाच्या हातात. कामगारांचे म्हणणे नेमके हेच होते. ते यंत्राच्या विरोधात होते, हे विधान जुन्या लेखनात सर्रास आढळते; ते स्वीकारण्याजोगे नाही.

त्रासन (सूतकताई) खात्यात हाच वाद बाजूंचा झाला. रिंग फ्रेमला (सूत कातण्याच्या यंत्राला) दोन बाजू असतात. एका बाजूवर उभा राहणाऱ्या सायडरने दोन्ही बाजू सांभाळाव्यात, अशी योजना आली. मजुरी वाढली, पण दुप्पट नाही आणि एका फ्रेममागे एक माणूस कमी झाला.

तोंडाने सूत ओढण्याच्या याच प्रथेचा एक परिणाम कामगार इतिहासाच्या बऱ्याच लेखनात दुर्लक्षित राहिला आहे. ‘विटाळ’ होतो या सबबीवर अस्पृश्य कामगारांना चांगल्या मजुरीच्या साचा खात्यात शिरू दिले जात नसे. त्यांची जागा त्रासन खात्यात व त्याहून हलक्या कामांत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे मांडला. दोन साच्यांचे तीन होऊ नयेत म्हणून जी एकजूट उभी राहिली, तिच्यातल्या हजारो माणसांना एकही साचा मिळण्याचा मार्ग मोकळा नव्हता. पुढच्या वर्षीच्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला, त्यामागील कारणांत हेही धरले पाहिजे.

१९२८ चा संप : जानेवारी १९२८ मध्ये ससून गटाच्या गिरण्यांत नव्या पद्धतीविरुद्ध काम बंद पडले. सार्वत्रिक संपाचा आरंभ काही ठिकाणी १६ एप्रिल, तर काही ठिकाणी २६ एप्रिल असा दिला जातो. पहिल्या तारखेला काही गिरण्या बंद झाल्या आणि दुसऱ्या तारखेपर्यंत जवळजवळ सर्व बंद झाल्या, असे मानल्यास विसंगती राहत नाही. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. या एका संपात दोन कोटींहून अधिक मनुष्यदिवस बुडाले.

नेतृत्व एकसंध नव्हते. अर्जुन आळवे यांचे गिरणी कामगार महामंडळ १९२३ पासूनचे. ना. म. जोशी यांची १९२६ ची बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन सार्वत्रिक संपाला प्रथम अनुकूल नव्हती. श्रीपाद अमृत डांगे, र. शि. निंबकर, एस. एस. मिरजकर प्रभृती कम्युनिस्टांनी आळवे व त्यांच्यासारखेच गिरणी कामगारांचे पुढारी कासले यांच्यासह मे १९२८ मध्ये मुंबई गिरणी कामगार युनियन (लाल बावटा) नोंदवली. या सर्वांची संयुक्त संप समिती झाली आणि तिने सतरा मागण्या मांडल्या. संघटनेशी बोलल्याशिवाय कामाच्या पद्धतीत बदल नको, हा त्यांचा गाभा होता. संप लांबला तसे हजारो कामगार बोटीने कोकणात आणि रेल्वेने घाटावर गावी परतले. मागे राहिलेल्यांचा शिधा वाण्याच्या उधारीवर आणि समितीच्या धान्यवाटपावर चालला. गावची तुटपुंजी शेती हा संपाचा न दिसणारा निधी होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

४ ऑक्टोबर रोजी तडजोड झाली. न्यायमूर्ती चार्ल्स फॉसेट यांच्या समितीकडे प्रश्न सोपवण्यात आला. १९२९ च्या अहवालात समितीने एफिशियन्सी पद्धत तत्त्वतः योग्य ठरवली, मात्र तिला अटी जोडल्या. तोवर लाल बावट्याची सदस्यसंख्या पन्नास हजारांपुढे गेली होती. २० मार्च १९२९ रोजी मीरत कटाच्या (कम्युनिस्ट व कामगार पुढाऱ्यांवरील राजद्रोहाच्या) खटल्यात या युनियनचे बहुतेक पुढारी पकडले गेले. त्याच वर्षीचा दुसरा संप फसला, १९३४ चाही फसला आणि मधल्या मंदीत जास्त साचे, जास्त बाजू हळूहळू अनेक गिरण्यांत आल्या.

स्त्री कामगार : सुसूत्रीकरणाचा पहिला फटका स्त्रियांना बसला. १९२० च्या दशकात गिरण्यांतील सुमारे एक-पंचमांश मजूर स्त्रिया होत्या आणि त्या मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत असत. वेगवान गुंडाळणी यंत्रांनी तेच काम आकुंचित केले. पाळ्या वाढल्या, तेव्हा रात्रपाळीला बंदी असलेल्या स्त्रीपेक्षा पुरुष सोयीचा ठरला. १९८० पर्यंत त्यांचे प्रमाण नाममात्र उरले होते.

स्वयंचलित साचे : संपलेली कांडी आपोआप बदलणारा नॉर्थ्रप साचा अमेरिकेत १८९० च्या दशकात आला. जपानच्या टोयोडा यांचा ‘जी’ साचा १९२४ चा. अशा साच्यांवर एका विणकराला वीस-तीस साचे सांभाळता येतात. मुंबईत मजूर स्वस्त आणि यंत्र महाग असल्याने मालकांनीच दीर्घकाळ त्यांकडे पाठ फिरवली. स्वातंत्र्यानंतर नित्यानंद कानुनगो समितीने (१९५२–५४) टप्प्याटप्प्याने असे साचे आणण्याची शिफारस केली आणि वाद पुन्हा पेटला. त्याचा सर्वांत मोठा भडका मुंबईत न उडता कानपूरला उडाला : १९५५ मध्ये तिथले गिरणी कामगार सुमारे ८० दिवस संपावर होते.

जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने तीन अटी घातल्या. कामावर असलेल्यांची कपात वा कमाईत घट होऊ नये, लाभाची न्याय्य वाटणी व्हावी आणि कामाच्या बोज्याचे मोजमाप दोन्ही बाजूंना मान्य तज्ज्ञांनी करावे. कामावर असलेल्याला संरक्षण मिळाले, पण निवृत्ताची जागा रिकामी ठेवता येई. त्यामुळे कपातीचा खरा भार गैरहजर माणसाच्या जागी काम मिळेल या आशेने दाराशी रोज सकाळी उभ्या राहणाऱ्या बदली कामगारावर पडला, ज्याचे नाव कपातीच्या कोणत्याही यादीत येत नाही.

कायदा : १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत (बदल करण्याआधी मालकाने नोटीस द्यावी अशा बाबींच्या यादीत) सुसूत्रीकरण व ‘एफिशियन्सी’च्या इतर पद्धती, प्रयोग म्हणून असल्या तरीही, समाविष्ट आहेत. १९२८ चा शब्द इथे कायद्यात बसला. याच कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना मान्य केल्याने वाटाघाटींचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. १९८२ च्या संपातील एक प्रमुख तंटा याच तरतुदीचा. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात कलम ९–अ व चौथी अनुसूची यांखाली, कपात संभवते अशा सुसूत्रीकरणासाठी २१ दिवसांची नोटीस आवश्यक ठरली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही बाब राखली आहे. नोटीस म्हणजे संमती नव्हे, हे लक्षात ठेवावे.

उत्तरकाळ : १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी पुकारलेला संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्या संपाने संपल्या, हे मत लोकप्रिय आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे आधीच वळलेले विणकाम, यंत्रांत वर्षानुवर्षे न गुंतवलेला पैसा आणि गिरणीच्या जमिनीचा चढता भाव यांचा विचार केल्यास ते अपुरे वाटते. संपानंतर उघडलेल्या गिरण्यांनी कमी माणसे परत घेतली आणि १९२८ पासून अडलेली कपात अशा रीतीने एका वर्षात झाली.

दरम्यान हाच प्रश्न कचेऱ्यांत पोचला होता. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील संगणकांना विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेने विरोध केला. कलकत्त्यात यंत्र आत येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी इमारतीवर पहारा ठेवला. केंद्राने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनविषयक समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ चा. बँकांमध्ये १९८३ च्या करारान्वये यांत्रिकीकरणाची मर्यादा संघटनांशी बोलून ठरली.