अमरत्व वेगळं, सार्वकालिक जीवन वेगळं: 'ट्वायलाइट' पाहिलेल्यांसाठी

वसईत धर्मशिक्षणाच्या वर्गाला योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय शिकवत होते. माझा देह जो खाईल, माझं रक्त जो पिईल त्याला सार्वकालिक जीवन आहे, हे येशूचे शब्द वाचून झाले आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "टीचर, म्हणजे ट्वायलाइटमध्ये आहे तसंच ना? रक्त प्यायचं आणि मग कधी मरायचंच नाही."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण हाच गोंधळ मी मोठ्या माणसांकडूनही वर्षानुवर्षं ऐकते आहे. ती फक्त हात वर करून विचारत नाहीत. मयताच्या घरी "ते अमर झाले" म्हणतात आणि वाटतं की हीच ख्रिस्ती श्रद्धा. युवकांच्या शिबिरात कुणीतरी सांगतं, "व्हॅम्पायरला सैतानाकडून मिळतं ते आपल्याला देवाकडून मिळतं." म्हणजे वस्तू एकच, फक्त दुकान वेगळं! वस्तू एक नाही, आणि हे एकदा सविस्तर लिहून टाकायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं.

सिनेमा तुम्ही पाहिलेला आहे, म्हणून गोष्ट लांबवत नाही. २००८ साल, फोर्क्स नावाचं पावसाळी गाव, बेला नावाची मुलगी, तिचा लाडका एडवर्ड, आणि त्याचं कलन कुटुंब, म्हणजे रक्तावर जगणारे, न मरणारे व्हॅम्पायर. एडवर्ड १९१८ च्या इन्फ्लुएंझात मरणाच्या दारात होता, डॉक्टर कार्लाइलने त्याला चावून 'वाचवलं', आणि तेव्हापासून तो सतरा वर्षांचाच आहे. बेलाला त्याच्यासारखं व्हायचं आहे. बस.

दोन वाद आधी बाजूला काढते, कारण ख्रिस्ती लोक या सिनेमावर बोलायला लागले की गाडी तिथेच अडते.

पहिला, व्हॅम्पायर म्हणजे सैतानी म्हणून बघूच नका. या गोष्टीतल्या व्हॅम्पायरवर ना क्रूसाचा परिणाम होतो ना लसणीचा. मूळ कादंबरीच्या लेखिकेने भुताखेतांची जुनी सामग्री जवळजवळ सगळी काढून टाकली आहे. ज्या मुलांनी सिनेमा पाहिला आहे त्यांना हे ठाऊक असतं, त्यामुळे ही भीती घातली की ती आपलं पुढचंही ऐकत नाहीत.

दुसरा, एडवर्ड स्वतःला आवरतो म्हणून ही शुचितेची गोष्ट. लेखिका मॉर्मन पंथाची आहे, दिग्दर्शिका कॅथरीन हार्डविकचा आधीचा चित्रपट येशूजन्मावरचा होता, आणि पुढच्या भागात एडवर्ड आधी लग्नाची अट घालतो, हे सगळं खरं. त्याबद्दल त्याला श्रेय द्यावं. पण पहिल्या चित्रपटात तो थांबतो तो तिचा जीव जाईल या धास्तीने. त्याच्या प्रेमाची आणि भुकेची सरमिसळ झालेली आहे. ख्रिस्ती शुचितेचं मूळ समोरच्याच्या देहाबद्दलच्या आदरात असतं, तो देह आपण फाडून टाकू या भीतीत नसतं. यावर मी अधिक शाई खर्च करणार नाही.

खरा घोटाळा 'कायम' या शब्दात आहे.

अमरत्व म्हणजे न संपणं. आहे तेच आयुष्य पुढे चालू ठेवणं. या बाबतीत सिनेमा स्वतःच फार प्रामाणिक आहे. कलनांच्या घरात एका भिंतीवर पदवीदान समारंभाच्या टोप्याच टोप्या चौकटीत लावलेल्या आहेत. बेला त्यांच्यापुढे उभी राहते आणि म्हणते की शाळा पुन्हा पुन्हा करणं तसं कंटाळवाणंच आहे, आणि एडवर्ड ते मान्य करतो. दिग्दर्शिकेने ती भिंत गमतीसाठी दाखवली असेल, पण वर्गात ते दृश्य आठवायला सांगितलं की मुलं गप्प होतात. बारावीची परीक्षा, पुन्हा बारावी, पुन्हा बारावी, आणि बाहेर पडण्याचं वय कधीच येत नाही. आपल्याकडे लग्नपत्रिकेत नावाआधी 'चि.' लागतं ते दीर्घायुष्याच्या आशीर्वादाचं. पण सात चिरंजीवांमध्ये अश्वत्थामाही आहे, कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणारा. त्याच्यासारखं अमर व्हावं असं कोणत्याही मराठी घरात कुणी कुणाला म्हणत नाही. नुसतं न मरणं हा शापही असू शकतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता बायबल काय म्हणतं ते बघा. 'सार्वकालिक' या शब्दाने आपली फसगत होते, कारण त्यात 'काल' आहे आणि लगेच लांबी मोजावीशी वाटते. मूळ ग्रीक विशेषण 'आयोनिओस', ते 'आयोन' म्हणजे युग या शब्दावरून आलेलं. येणाऱ्या युगाचं, देवाच्या राज्याचं जीवन. ते संपत नाही हे खरंच, पण न संपणं हा त्याचा एक गुण झाला, त्याची व्याख्या नव्हे. व्याख्या योहानाच्या सतराव्या अध्यायात खुद्द येशूच्या प्रार्थनेत आहे: एकच खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणं, हेच सार्वकालिक जीवन. तिथे वर्षांचा हिशेबच नाही. शिवाय पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की जो ऐकतो आणि विश्वास ठेवतो तो मरणातून जीवनात येऊन पोहोचलाच आहे. पुढे कधीतरी पोहोचेल असं तो म्हणत नाही. म्हणजे ज्या माणसाला अजून मरायचं आहे, ज्याचे केस पिकताहेत आणि गुडघे दुखताहेत, त्याच्याकडे हे जीवन आजच असू शकतं. कलनांच्या घरी हे वाक्य कुणालाही बोलता येणार नाही.

यावर एक हुशार मुलगा मला म्हणाला होता, "टीचर, पण बेलालाही वर्षं नकोच आहेत. तिला एडवर्ड हवा आहे. तीसुद्धा नात्याबद्दलच बोलते की." आक्षेप बिनतोड आहे, आणि बहुतेक ख्रिस्ती टीकाकार इथपर्यंत येतच नाहीत. बेलाचं 'कायम' खरंच एका माणसासाठी आहे. पण त्या नात्याची किंमत बघा. वडील चार्ली, आई रेने, शाळेतले मित्र, उघड्यावरचं ऊन, सगळं हळूहळू सोडायचं आणि दोघांपुरतं जग उरवायचं. हॉस्पिटलात एडवर्ड म्हणतो, तू आईबरोबर निघून जा, तर तिचा श्वास अडकतो, शब्द फुटत नाहीत. एका सतरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर तिने देवाचं ओझं ठेवलं आहे. त्याच्याकडून ते पेलवणार नाही, आणि यात त्याचा दोषही नाही. प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात कुणाला मोजता येणार नाही इतका मोठा लोकसमुदाय आहे, सर्व राष्ट्रांचा, सर्व भाषांचा. तिथे शिरताना बापाला मागे सोडावं लागत नाही.

आता पुस्तकाच्या पहिल्या पानाकडे या. सिनेमा ज्या कादंबरीवर बेतला तिच्या मुखपृष्ठावर दोन हातांत सफरचंद आहे आणि सुरुवातीला उत्पत्तीचं वचन छापलं आहे, २:१७. बऱ्यावाईटाचं ज्ञान देणाऱ्या झाडाचं फळ खाऊ नको, खाशील त्या दिवशी मरशील. सिनेमातही कॅन्टीनमध्ये बेलाच्या हातून सफरचंद निसटतं आणि एडवर्ड ते अलगद झेलतो. त्यामुळे सगळे या गोष्टीला निषिद्ध फळाची गोष्ट समजतात, आणि ख्रिस्ती लेखकही त्याच फळावर लिहीत बसतात.

मला वाटतं झाड चुकलं आहे. बागेत झाडं दोन होती. एडवर्डची कथा दुसऱ्या झाडाची आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस देव म्हणतो की मनुष्याने आता हात पुढे करून जीवनाच्या झाडाचंही फळ खाऊ नये आणि सदा जिवंत राहू नये. मग करूब नावाचे देवदूत आणि फिरती ज्वालामय तलवार ठेवून तो त्या झाडाची वाट अडवतो. लहानपणी मला हा देवाचा राग वाटायचा. दुसऱ्या शतकातल्या लियोंच्या बिशप इरेनेयस यांनी त्याचा अर्थ उलट लावला: ही दया होती. पाप केलेला माणूस त्याच अवस्थेत कायम राहिला असता तर त्याच्या दुखण्याला अंतच उरला नसता, म्हणून देवाने मरणाची सीमा घातली. हे वाचल्यानंतर मी कलन कुटुंबाकडे पुन्हा पाहिलं. ज्याची वाट अडवली होती ते फळ त्यांना मिळालं आहे. तहान तीच, अपराधाची टोचणी तीच, बाहेर पडायला दार नाही. पुढच्या एका भागात कलनांपैकीच एक, रोझली, बेलाला हेच समजावते: आपण गोठलेले आहोत, पुढे सरकतच नाही. या सगळ्या मालिकेत बायबलच्या सर्वांत जवळ जाणारं कुणी असेल तर ती रोझली, आणि प्रेक्षकांना तीच नकोशी वाटते.

जीवनाचं झाड बायबलमधून नाहीसं होत नाही. शेवटच्या अध्यायात ते पुन्हा उभं आहे, नदीच्या दोन्ही तीरांना, आणि त्याची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी. पण त्या दोन बागांच्या मधे क्रूस आहे. अमरत्व मरणाला वळसा घालून जातं. सार्वकालिक जीवनाची वाट मरणातूनच आहे. प्रेरितांच्या विश्वासांगिकारात आपण 'देहाचं पुनरुत्थान' आणि 'सार्वकालिक जीवन' एका दमात म्हणतो ते यासाठी. पौल करिंथकरांना लिहितो की पेरलेला दाणा मेल्याशिवाय जिवंत होत नाही. एडवर्ड पेरलाच गेलेला नाही.

पुनरुत्थित देह कसा असतो, याचं तर डोळ्यांपुढे उदाहरण आहे. एडवर्ड उन्हात उभा राहतो तेव्हा त्याची त्वचा हिऱ्यासारखी चमकते, त्यावर ओरखडा नाही. उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांचे व्रण आहेत आणि तो थोमाला बोट लावून बघायला सांगतो. लूक म्हणतो, शिष्यांना भूत दिसल्यासारखं वाटलं, तर त्याने विचारलं, खायला काही आहे का? त्यांनी भाजलेल्या माशाचा तुकडा दिला आणि तो त्यांच्यादेखत जेवला. कोळीवाड्यातल्या मुलांना हे सांगताना मला कधीच समजावून सांगावं लागलं नाही. जो मासा खातो तो भूत नसतो.

आता कलनांचं स्वयंपाकघर. बेला येणार म्हणून सगळे इटालियन जेवण रांधताहेत, आणि कार्लाइलची बायको एस्मे आनंदाने सांगते की यानिमित्ताने स्वयंपाकघर पहिल्यांदाच वापरलं जातंय. इतकं देखणं घर, आणि त्यात एकही माणूस जेवू शकत नाही. बेलाही जेवून आलेली. रोझलीच्या हातातला काचेचा वाडगा फुटतो. मला हे संपूर्ण चित्रपटातलं सर्वांत दुःखी दृश्य वाटतं.

राहिला त्या मुलीचा रक्ताचा प्रश्न. मोशेच्या नियमशास्त्रात प्राण्याचंही रक्त प्यायला सक्त मनाई आहे, कारण देहाचा जीव रक्तात असतो आणि तो देवाचा आहे. म्हणून येशूचे शब्द ऐकून लोक हादरले आणि पुष्कळ शिष्य तिथूनच परत फिरले. व्हॅम्पायर समोरच्याचा जीव स्वतःकडे ओढतो. कलन माणसांऐवजी प्राण्यांवर भागवतात आणि स्वतःला गमतीने शाकाहारी म्हणवतात, तरी जीव दुसऱ्याचाच जातो. येशू आपला जीव आपणहून समोरच्याला देतो. ओघाची दिशाच उलटी आहे. मी फळ्यावर दोन बाण काढले, एक आत येणारा, एक बाहेर जाणारा, आणि त्या मुलीने वहीत तसेच उतरवून घेतले.

मग तिने विचारलं, "टीचर, मग एडवर्डला ते दुसरं जीवन मिळू शकेल का?" मी तिला पुस्तकातला कार्लाइल सांगितला. सतराव्या शतकातल्या लंडनमधल्या पाळकाचा मुलगा, ज्याच्या घरात बापाने कोरलेला लाकडी क्रूस अजून टांगलेला आहे. त्याला आशा आहे की इतकी वर्षं चांगलं वागण्याचा प्रयत्न केला, तर त्याची काही दखल घेतली जाईल. मी म्हटलं, त्याची आशा मला आवडते, पण हे जीवन प्रयत्नांचं बक्षीस म्हणून मिळत नाही, ते दान म्हणून हात पसरून घ्यावं लागतं. पुढच्या रविवारपर्यंत योहानाचा एकविसावा अध्याय वाचून ये, आणि किनाऱ्यावर न्याहारीला शिष्य किती होते ते मोज.

ती मोजून आली. सात. कलनही सातच, हे तिनेच मला सांगितलं. पण तिचा प्रश्न वेगळाच होता. तिचे वडील होडीवर जातात, त्यामुळे तिला ते खटकलं असणार. "टीचर, येशूच्या निखाऱ्यावर मासा आधीपासून होताच. मग त्याने त्यांना त्यांच्या जाळ्यातले मासे आणायला का सांगितलं?"

त्या दिवशी आम्ही नेमलेला धडा घेतलाच नाही.