मारुती ८००

मारुती ८०० म्हणजे मारुती उद्योगची पहिली गाडी, छोटी पाच दारांची हॅचबॅक, बोलताना सगळे नुसतं 'एटहंड्रेड' म्हणायचे. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाच्या हातात चावी दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये गुडगावला प्रॉडक्शन थांबलं. तीस वर्षं चालली, देशातच २६ लाखांच्या वर विकली गेली, पण पिढ्या मोजायला बसलात तर खऱ्या अर्थाने दोनच निघतात.

पहिली पिढी म्हणजे एसएस८०. सुझुकीची जपानमधली त्या काळातली फ्रोंटे-अल्टो घेऊन तिला ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन दिलेलं, किंमत ५० हजारांच्या आसपास. मागे पूर्ण दार नव्हतं, फक्त काच वर उघडायची, म्हणजे बॅग डिकीत टाकायची तर आधी कडेवरून उचलून आत सोडायची. तरी ॲम्बेसेडर आणि पद्मिनीची सवय असलेल्यांना हलकं स्टिअरिंग आणि फ्रंट व्हील ड्राइव्ह म्हणजे चैनच वाटली, बुकिंगला रांगा लागल्या.

१९८६ ला दुसरी पिढी आली, एसबी३०८, पुढच्या अल्टोच्या बॉडीवर. इंजिन तेच. आपल्याला 'आठशे' म्हटल्यावर जी गाडी डोळ्यासमोर येते ती हीच, थोडी गोलसर, मागे नीट उघडणारं दार, आणि इथून पुढे २८ वर्षं बॉडी मुळात बदललीच नाही. १९९७ ला पुढचा चेहरा, बंपर वगैरे जरा गुळगुळीत केले, ती झाली फेसलिफ्ट, तिला नवी पिढी म्हणणं उगाच. जपानमध्ये तोवर अल्टो कुठल्या कुठे गेली होती.

मग बदललं काय? तर बॉनेटच्या आतलं, आणि तेही बरंचसं प्रदूषणाच्या नियमांनी ढकललं म्हणून. आधी हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर होता, थंडीत सकाळी पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा चोक ओढायचा, गाडी जरा खोकायची, मग हळूच चोक आत. २००० च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आलं आणि चोकची कटकटच संपली. त्याच वेळी ईएक्स नावाचं एक व्हेरिएंट काढलं, १२ व्हॉल्व्ह, ४५ बीएचपी, पाच गिअर, आठशेतली सगळ्यात पळणारी हीच, पण ती काही टिकली नाही आणि शेवटपर्यंत राहिली ती साधी ३७ बीएचपी, चार गिअरवाली. माझ्या मते कंपनीने इथे मुद्दामच हात आखडता घेतला, कारण २००० मध्येच मारुतीची अल्टो भारतात आली होती, घरातल्या घरात भांडण कशाला लावा.

एप्रिल २०१० ला १३ शहरांत बीएस-४, म्हणजे गाड्यांच्या धुराचा आणखी कडक नियम, लागू झालं, त्यात मुंबई, पुणे आणि आपलं सोलापूरही होतं. या गाडीचं इंजिन त्यात बसवण्यावर खर्च करायचाच नाही असं ठरलं, त्यामुळे तिथली विक्री बंद झाली, बाकी ठिकाणी आणखी जेमतेम चार वर्षं.

गाडी गेली तरी ७९६ सीसी गेलं नाही. त्याच घराण्यातलं सुधारलेलं इंजिन, एफ८डी, अल्टोत आधीपासून होतंच, २०१२ च्या अल्टो ८०० मध्येही तेच लागलं आणि ते २०२३ पर्यंत चाललं.